साडेचार सेंटिमीटर

तर्झिच गावात, बिस्त्रित्सा नदीला लागून, माझं दुकान.
इस्पितळातून माणसं येतात ती चिठ्ठी घेऊन:
डावा, साडेचार. उजवा, सहा.
त्याखालचं डॉक्टरचं अक्षर मला लागत नाही,
लागायला हवं असंही नाही.

येरित्सा आली तेव्हा मार्च होता, छपरांवरून बर्फ सुटत होता.
काठी टेबलावर आडवी ठेवली, म्हणाली,
चार वेळा उघडलं मला.
आधी खुब्यात धातूचा सांधा बसवला, त्यात पू झाला.
तो काढून औषध कालवलेल्या सिमेंटचा गोळा, तीन महिने.
मग नवा. नव्यातही तेच.
शेवटी म्हणाले, आता काही बसवत नाही.

मग आता तिथे काय आहे?
काही नाही, ती म्हणाली. जरा थांबून:
मांस धरून आहे म्हणे.

डाव्या पायाखाली मी फळ्या सरकवत गेलो, एकेक,
कंबरेची दोन्ही हाडं एका रेषेत येईपर्यंत.
चिठ्ठी बरोबर होती.
बुचाचे थर कापले. बूच हलकं,
तरी पहिल्या दिवशी पाय दुसऱ्याचाच वाटतो.

इस्पितळाच्या वहीत निकाल असतो:
जंतू नाहीत. वेदना कमी. आधाराने चालते.
खोटं नसतं त्यात काही.
मी निकाल बूट उलटा करून बघतो.

लुडविकचा बूट त्याच्या मुलाने परत आणला, दोन वर्षांनी.
तळावर माझा खडूचा आकडा जसाच्या तसा.
ताप पुन्हा आला नाही, मुलगा म्हणाला,
रक्ताचे तपास सगळे चांगले.
फक्त खिडकीपासून उठले नाहीत.
तो बूट मी मोडला नाही.
कलबुतावर चढवून ठेवलाय. का, ते विचारू नका.

येरित्साचा सप्टेंबरात आला.
बाहेरची कड पार गेलेली, शिवणीत मेण,
टाचेच्या भेगेत एक मेलेली मधमाशी.
पोळ्यांपर्यंत चढ आहे ना?
आहे की. माश्यांना कोण सांगणार?
उजव्या हातात काठी, डाव्यात धुराचं भांडं,
नाक पुसायला हात उरत नाही,
तिची तक्रार एवढीच.

मी चिडलो. सहा महिन्यांत तळ खलास, बाई, हे काय चालणं झालं!
पैसे पुरे घेतले.
ती गेल्यावर त्या कडेवरून अंगठा फिरवला,
आणि नवा तळ कापताना
बाहेरच्या बाजूला
कातडं बोटभर जास्त सोडलं.