जादा जमा

शुक्रवारी संध्याकाळी लेथ बंद करून
चिंधीला हात पुसत होतो,
तेवढ्यात खिशात मोबाईल थरथरला:
एक लाख चौऱ्याऐंशी हजार जमा.

उद्यमनगरात बावीस वर्षं झाली.
एवढी रक्कम एकदम
मी फक्त दुसऱ्याच्या बिलावर बघितलीय.
चष्मा पुसला.
बोटांचं ग्रीस काचेला लागलं
आणि शून्यं आणखी फुगली.

बायको भाकरी थापत होती. तिला सांगितलं.
तिचा हात थांबला.
"कुणाचं?" म्हणाली.
"किती" नाही विचारलं.
तिथंच अर्धं काम झालं,
उरलेलं अर्धं रात्रभर झोपू देईना.

खोटं कशाला बोलू,
दीड वाजेपर्यंत मी पोरीची फी भरली,
छपराचा पत्रा बदलला,
मशीनला नवा चक बसवला
आणि वर चौदा हजार उरवले.
अडीचला सगळं परत केलं.
पत्रा उचकटताना जिवावर आलं.

दुसरा शनिवार. मग रविवार.
बँकेला कुलूप, आणि पैसा माझ्याकडं,
शेजाऱ्याची म्हैस दावं तोडून
आपल्या गोठ्यात येऊन बसावी तसा.
वैरण घालावी का नको?
धार काढायची नाही, एवढं ठरलं.

तोवर मेहुण्यानं तालमीत सांगून टाकलेलं.
दुपारी अनोळखी फोन:
"काका, चुकून आलेत तुमच्याकडं,
ह्या नंबरवर टाका की, पेशंट दवाखान्यात आहे."
म्हटलं, ज्या दारानं आले
त्याच दारानं जातील.
त्यानं शिवी हासडली, कट केला.
पेशंट बरा झाला असावा.

सोमवारी दहाला लक्ष्मीपुरी शाखा.
खिडकीत निगार मुल्लाणी मॅडम.
पासबुक पुढं सरकवलं, म्हटलं, हे माझं नव्हं.
त्यांनी ड्रॉवर उपसला.
पैसे कमी आले त्याचा फॉर्म होता,
कार्ड हरवलं त्याचा होता,
मयत खातेदाराचा तर दोन प्रतींत.
जास्त आले त्याचा नव्हता.
शेवटी तक्रारीच्याच कागदावर लिहिलं:
तक्रार – पैसे जास्त आलेत.
सही केली, आणि शिक्क्याची पोच मागून घेतली.
खरेपणालाही पावती लागते.
उद्या कोण म्हणेल, दिलेच कधी?

अकराला पुकारा झाला:
"निवृत्ती भैरू लोहार!"
मी उठलो.
बाकड्यावरनं आणखी एक जण उठला.

मुरगूडचा. कापडी पिशवी पोटाशी धरलेली.
साखर कारखान्यात बॉयलरवर चौतीस वर्षं,
थकलेल्या फंडाचा हा पहिला हप्ता,
आणि खाते नंबरात सहाच्या जागी नऊ.
मी नुसता नावाचा निवृत्त,
हा खराखुरा.

त्यानं माझे हात बघितले, मी त्याचे.
त्याला भाजल्याचे डाग, मला कापल्याचे.
नखांतलं काळं एकाच जातीचं.
"नाव कुणी ठेवलं तुझं?"
"आज्ज्यानं."
"माझं बी."
दोघंही मग
पंख्याकडं बघत बसलो.

आमच्यात मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला
की जॉब भंगारात.
बँकेत सहाचा नऊ झाला
तरी "सॉरी काका" म्हटलं की भागतं.
असू दे. बाई गोड बोलल्या,
चहाही मागवला. दोन निवृत्तींना दोन कप.

रात्री पाटीवर हिशेब काढला.
तीन टक्क्यांनी तीन रात्रींचं व्याज,
पंचेचाळीस रुपये सदतीस पैसे.
तिमाहीला ते माझ्याच खात्यात पडणार.
मंगळवारी परत खिडकीत गेलो.
मॅडम हसल्या,
"काका, आता ह्याचा फॉर्म कुठनं आणू?"

मग मुरगूडला फोन लावला.
बराच वेळ तो बोललाच नाही.
मागं म्हैस ओरडत होती.
"ये की गंगावेशीत," म्हणाला,
"एकेक गिलास दूध पिऊ.
वरचे लागले तर मी घालतो."

म्हटलं, येतो.
पण तिमाही संपू दे.
अजून बारा दिवस आहेत,
जमा व्हायचेत.