शेऱ्याचा रकाना

वही उघडण्याआधी मी हात धुते,
पुसते, आणि थोडी थांबते.
रत्नागिरीची हवा तळव्यालाही दमट करते,
आणि कागदाला कुणाचाच घाम सोसत नाही.

जयगड बंदर. भरती-ओहोटीचे रजिस्टर.
पुठ्ठ्यावर कधीकाळी हिरवं कापड होतं,
कसरीने त्यात आता खाडी कोरलीय,
खाडीला फाटे,
आणि मधोमध बेटासारखा उरलेला
अर्धा शिक्का.

याकूब सोलकर, बंदर-शिपाई.
दिवसातून चार वेळा
धक्क्याच्या शेवाळल्या पायरीवर उतरायचा,
आकडे रंगवलेल्या खांबाशी कंदील न्यायचा,
लाट मागे सरेपर्यंत थांबायचा.
मग फूट, इंच, वेळ, वारा.
अक्षर मोडी, हात जड,
शाई हिरड्याची, हिराकस घालून उकळलेली.
ती शाई अजून कागद खातेय.
जिथे जिथे त्याने बोरू दाबला
तिथे आकड्याच्या आकाराचं भोक आहे,
आणि त्याचा नऊ वाचायचा
तर मला पलीकडचा उजेड वाचावा लागतो.

त्याला शास्त्रज्ञ म्हणालं असतं कुणी
तर त्याने मागे वळून पाहिलं असतं,
कोण आलं म्हणून.
शेवटच्या पानावर त्याची उधारी आहे:
तंबाखू, सुंभ, घासलेट,
आणि एका मुलीच्या चपला, खोडलेल्या.

पण शेऱ्याचा रकाना बघा.
'आज बांगडा फार.'
'मचवा रुतला, सुकतीला वेळ होता.'
'पाणी अंदाजाहून दोन इंच वर. का ते कळत नाही.'
हे तिसरं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचते.
का ते कळत नाही.
तरी दोन इंच लिहिलेत.

आणि आश्विनातली एक रात्र, वद्य अष्टमी:
आकड्यांची घरं कोरी.
शेरा:
'कंदील विझला. काड्या भिजल्या. पाणी पाहिले नाही.'

पुढच्या खंडात हात बदलतो.
अक्षर मोत्यासारखं, शाई दुकानातली,
तीन वर्षांत एक डाग नाही, एक खाडाखोड नाही.
उधाण असो की भांग,
समुद्र कारकुनासारखा वेळेवर येतो, वेळेवर जातो.
याकूबच्या पानांच्या कडा मिठाने चिकटलेल्या,
सोडवायला मला पावणेदोन महिने लागले.
ही पानं आपोआप सुटतात.
ही कचेरीच्या बाहेर गेलीच नाहीत कधी.

पुण्याहून शाल्मली आली, लॅपटॉप घेऊन.
म्हणाली, ती अष्टमी गणिताने भरता येईल,
चंद्र काही लबाडी करत नाही.
म्हटलं, भर. तुझ्या यंत्रात भर.
इथे त्या कोऱ्या घरावर मी
माशीच्या पंखाएवढा पातळ कागद चढवलाय,
ते कोरंच टिकावं म्हणून.

मग तिने विचारलं, आणि हा दुसरा खंड?
हाही जपायचा?
मी खळ ढवळत होते.
गुठळी राहिली की सगळं पान सुरकुततं,
म्हणून उत्तर लगेच दिलं नाही.
खोट्यालाही खळ तीच लागते, बाई.
ब्रश तोच, वजनाला तोच पाटा.
फेकून दिलं
तर पुढचा कुणी त्याला पकडणार कसा?

ती गेली आणि दुपारी वीज गेली.
ओल शोषणारं यंत्र हुंदका देऊन बंद.
भिंतीवरच्या मीटरचा काच काळा.
माझ्या टेबलावरही एक वही असते,
दर दोन तासांनी ओलाव्याचा आकडा.
सकाळी बासष्ट होता. काल याच वेळी चौसष्ट.
त्रेसष्ट लिहिलं असतं
तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.
पेन बराच वेळ घराच्या वर धरून होते.

मग सरकवलं, उजवीकडे:
'चार ते सहा वीज नव्हती. पाहिले नाही.'

बाहेर भाट्याच्या बाजूला सुकती लागली होती.
किती, ते मोजणारं
आज तिथे कुणी नव्हतं.