गुडघाभर पाण्यात

डेक्लन,
तुझं पत्र मिळालं. पेन्सिलीचं,
मागच्या बाजूला भागाकार असलेलं.
त्यात एकच प्रश्न:
'नेल दोन वर्षं पाण्यात उभी आहे.
तिचे पाय गारठले नसतील का?'

उत्तर आधी मराठीत लिहितेय.
या भाषेत मला थापा जमत नाहीत,
आई मधेच मान वर करून बघायची, ती सवय.
मग इंग्रजी करीन, तिकीट लावीन, पेटीत टाकीन.

मोरकॅमच्या दुकानातली ती पाटी तू पाहिली असशील.
तिसरा भाग, ऑक्टोबरात.
ऑक्टोबरवर काट. मार्चवर काट.
आता नुसतंच 'लवकरच',
तेही उन्हानं फिकटलेलं.
मोरकॅमचं ऊन! म्हणजे बघ किती दिवस झाले.

हात मोडला नव्हता माझा.
संपादकबाईंना तसं सांगितलंय, तुला नाही सांगणार.
शेवट लिहून झाला होता, डेक्लन.
नेल धावत सुटते, किनारा गाठते, घंटा वाजतात.
मग एका पहाटे वाळूच्या वाटाड्याबरोबर,
हॅरल्डबरोबर,
ओहोटीत खाडी ओलांडायला गेले.
तो काठी खुपसायचा, थांबायचा,
लॉरेलची फांदी रोवून पुढे सरकायचा.
मी म्हटलं, कालचीच वाट ना?
म्हणाला, काल इथे वाट होती. आज नदी आहे.
आणि बाई, पाय रुतला तर धावू नका,
धावणारा आधी जातो.

घरी येऊन चाळीस पानं फाडली.
मी तिला धावायला लावलं होतं रे.

तोवर तू वाच.
लायब्ररीत मिसेस ऑर्मरॉड असतात, चष्म्याला दोरी बांधलेल्या.
त्यांना म्हणावं, मेलेल्या लेखकांचं काहीतरी द्या,
ते उशीर करत नाहीत.
जाड दिसलं तर घाबरू नकोस, वर्णनं गाळ.
मीही गाळते. माझीसुद्धा गाळ.
तिसाव्या पानापर्यंत कुणाशीच गट्टी जमली नाही
तर परत देऊन टाक, त्याला दंड नाही.
आणि एखादं मुद्दाम न कळणारं घे,
उशाशी असू दे.

आमच्या चिपळूणच्या वाचनालयात कपाटाला कुलूप असायचं
आणि किल्ली पोंक्षेसरांच्या जानव्याला.
सर जेवायला गेले की वाचन बंद.
म्हणून बाहेर राहिलेलं वाचलं:
खतांची माहितीपुस्तिका, कुणाचा तरी जुना पंचनामा,
आणि मधमाश्यांवरचं एक,
ज्याची शेवटची सोळा पानं उंदरांनी नेली होती.
त्या राणीमाशीचं पुढे काय झालं
मला अजून माहीत नाही.
तेव्हापासून हा धंदा.

ऐल्सीला रात्री मोठ्यानं वाचून दाखव
आणि ऐन वेळी पुस्तक मिटून टाक.
ती लाथ मारेल.
मग कळेल, माझ्या टपालात काय काय येतं.

हो, आणि ते भरती-ओहोटीचं पिवळं पुस्तक,
बोटींच्या सामानाच्या दुकानात गल्ल्याजवळ असतं.
नुसते आकडे. एक संवाद नाही.
पण दरवर्षी वेळेवर निघतं,
आणि त्यात लिहिलंय तसंच समुद्र वागतो.
मला त्याचा इतका हेवा वाटतो
की मी ते स्वयंपाकघरात ठेवलंय, लिहायच्या टेबलावर नाही.

तारीख मात्र विचारू नकोस.

पाय गारठलेत, खरंय.
पण पाणी मी गुडघ्याच्या वर चढू दिलेलं नाही,
दोन वर्षं धरून ठेवलंय, दंड भरून आलेत.
काल एक वाक्य झालं.
उरलेला दिवस त्याच्याकडे बघण्यात गेला.
कुणाला सांगू नकोस, ऐल्सीला सांगितलंस तर चालेल:

नेलनं खाली न बघता डावा बूट काढला.