सहा कुठं गेला

कडोलीच्या डेअरीत संध्याकाळी साडेपाचला
निंगव्वाच्या म्हशीचं दूध फॅटच्या यंत्रात गेलं
आणि पावतीवर आलं: .१

सहा पूर्णांक एक यायला हवं होतं.
सेक्रेटरी भरमाण्णांनी पावती ट्यूबलाइटसमोर धरली,
जणू सहा कागदामागं लपलाय.
"एष्टु बंतु?" निंगव्वानं विचारलं.
ते मराठीत म्हणाले, "थांब की जरा."
ती कन्नडमध्ये थांबली.

मी उद्यमबागेतून स्कूटरवर आले,
पाठीवर लॅपटॉप, डबीत तीन वायरी.
एक माझ्या बोलण्याची, ती यंत्राच्या कानात.
एक त्याच्या बोलण्याची, ती माझ्या.
तिसरी नुसती जमीन.
ती स्वतः काही सांगत नाही,
पण सैल झाली की दोघंही बरळतात.
घट्ट होती.

वेग पाहिला: चोवीसशे, दोन्हीकडं तेवढाच.
पॅरिटी नाही. स्टॉप बिट एक.
"काय करूलालीस गं? म्हस चांगली आहे तिची."
म्हशीवर माझा संशय नव्हता.

साडेसातला सापडलं.
मीच लिहिलेलं, दिवाळीआधी, घाईत:
आधीच्या माणसाची नोंद मेमरीत उतरवताना
सगळे इंटरप्ट बंद.
नऊ मिलिसेकंद.
एवढ्यात माशीसुद्धा बूड हलवत नाही.
पण पोर्टाच्या उंबऱ्यावर एकाच अक्षराला जागा.
सहा आला, उभा राहिला,
दार उघडायच्या आत मागून टिंब आलं
आणि त्याच्याच जागी बसलं.

आणि निंगव्वाला कायम घाई,
पुढच्याची किटली उचलायच्या आत हिची ओतलेली.
म्हणून फक्त तिलाच.

चार ओळी बदलल्या. लिहिणं चालू राहू दे,
दार उघडं ठेव, येईल ते आधी आत घे,
रांगेत बसव, मग वाच.
बाटलीत राखून ठेवलेलं दूध पुन्हा ओतलं.
६.१

तेव्हा तिनं पदराची गाठ सोडली.
अकरा पावत्या, घडी घालून, ओल्या,
प्रत्येकीवर पहिल्या आकड्याच्या जागी कोरा कागद.
आषाढापासून सांगत होती म्हणे.
भरमाण्णा खाली बघून म्हणाले,
"मला वाटलं, दर वाढवून मागतीय."

ते गुणाकार करत बसले, पेन झटकत.
मी वायरी गुंडाळल्या.
"एष्टु?" तिनं आता मला विचारलं.
माझं कन्नड बाजारापुरतं,
तरी म्हटलं, आरु पॉइंट ओंदु.
ती म्हणाली, हे तर मला माहीतच होतं,
मराठीत.