लिंबाच्या साली चालत नाहीत

सकाळी सातला गाडी येते मंडईमागच्या फाटकातून.
सिराज हॉर्न वाजवत नाही, पत्र्यावर नुसता हात मारतो.
मी ताडपत्री उचलते.
चेंबूरनं काल काय टाकलं, ते मला तोंडपाठ:
फणसाची चारखंडं, आंबूस वाफेचा भात,
एक केक, ज्यावर नुसतं 'हॅपी' उरलंय,
आणि चमचे.
चमचे रोज असतात. बादलीभर साठलेत.
मागायला कुणी आलेलं नाही.

उद्घाटनाला साहेब म्हणाले, हे यंत्र म्हणजे कामधेनू.
कसली धेनू!
हे म्हाताऱ्या सासऱ्याचं पोट आहे.
पहिलं शेण तबेल्यातून आणलं, विरजण लावावं तसं घातलं,
आणि एकवीस दिवस काही नाही.
रबरी फुगा पडलेला,
कर्णिकबाई गच्चीतून नाक धरून विचारणार,
"झालं का हो तुमचं?"
बाविसाव्या पहाटे फुगा हलला,
झोपेतल्या माणसानं कूस बदलावी
इतकाच.

तेव्हापासून एकेक कळत गेलं.
लिंबाच्या साली चालत नाहीत.
सोडावाल्या पोन्नप्पाची गोणी आली की पोट आंबतं, रुसतं,
मग चुन्याची निवळी द्यायची, दोन दिवस उपास.
अंड्याची टरफलं तळाशी बसतात.
मे महिन्यात कोयी, नुसत्या कोयी.
निर्माल्यातला दोरा पात्यांना आवळतो,
तो मी मांडी घालून कातरीनं सोडवते.
दोरा नायलॉनचा असतो,
देव काही म्हणत नसावा.

साडेसहाला इंजिन लावते.
गल्लीतले नऊ दिवे लागतात.
नऊच.
त्याखाली कुणी पत्ते कुटतं, कुणाचं पोर पाढे म्हणतं,
आपण कालची भाजी जाळून बसलोय
हे कुणाच्या गावीही नाही.

आई देवनारच्या डोंगरावर वेचायची, सव्वीस वर्षं.
हातात आकडा, पायात दोन वेगळ्या चपला.
तिथली आग वरून कुणी लावायची नसे,
ती आतूनच यायची,
दिवसा दिसायची नाही.
तिच्या डाव्या टाचेवर अजून गुळगुळीत, बिनरेषांची जागा आहे.

परवा तिला इथे आणली.
शेगडी पेटवून दाखवली, चहा ठेवला.
ज्योतीकडे तिनं पाहिलंच नाही,
डोळे मिटून वास घेतला.
"हाच तो," म्हणाली. "डोंगराखालचा.
तिथे आमच्या छातीत जायचा फुकट.
इथे त्याला मीटर लावलाय तुम्ही."

मी हसले. ती हसली नाही.
"सगळ्या घरचं ओलं इथे आलं,
सुकं कंपनीच्या गाडीत गेलं,
तर जैबुननं वेचायचं काय?"

मी चमच्यांची बादली दाखवली.
का दाखवली, मलाच कळलं नाही.

चहा संपेपर्यंत तिचा हात ढिगात गेला होता,
न बघता, डाळीतला खडा काढावा तसा,
आणि बाहेर आले
दोन पेन्सिल सेल, एक ब्लेड, औषधाची बाटली.
"हे गेलं असतं त्याच्या पोटात."
पट्ट्यावर आम्ही तिघी असतो, हातमोजे घालून.
आमच्या डोळ्यांना ते दिसलं नव्हतं.

वॉर्ड ऑफिसात अर्ज दिलाय:
वर्गीकरणासाठी दोन अनुभवी महिला हव्यात.
शिक्षणाच्या रकान्यात काय लिहू, विचारलं,
तर क्लार्क म्हणाला, मोकळा ठेवा.
मोकळा ठेवला.
अर्जही तसाच मोकळा पडलाय कुठेतरी.

डोंगर आहे तिथेच आहे.
नऊ दिव्यांनी डोंगर उतरत नाही,
हे मला कुणी समजावायला नको,
माझं बाळपण त्याच्या उतारावर गेलंय.
पण आजचा फणस तिथे गेला नाही.
तो भातही नाही.

आई मंगळवारी येते आता, जैबुनला घेऊन,
हजेरीपटावर नाव नसताना.
चहाला साखर जास्त लागते दोघींना.

आज दिवे जरा मंद वाटतायत.
पोन्नप्पाला उद्या गाठते.