सकाळी आठच्या आत

आठच्या आत रक्त द्या, लॅबवाली पोरगी म्हने,
मंग आकडा उतरते.
म्हनून पहिल्या एसटीनं आर्वीले आलो,
खाकी घरी टांगून. खाकी दिसली का लोक
लाइन कधी येते तेच विचारतेत.

सात वर्सं सुया प्रणिताच्याच हाताले.
तिची फाइल जाडजूड, कोपरा बकरीनं खाल्लेला.
माही आज निघाली. एक कागद.
देवानंद उकंडराव कोहळे, चौतीस.
गालफुगी? नाई. दारू? पोळ्याले.
इंजेक्शन-गिंजेक्शन?

थांबलो.
बुधवारच्या बाजारात कुकरच्या दुकानामागं
जो टेबल टाकून बसते, त्याच्या ताकदीच्या सुया.
वर्सभर. छाती भरली होती,
एका दमात पोलवर जात होतो.
वाटलं, आता होईन.

रिपोर्ट नागपूरवरून चौथ्या दिवशी आला.
टेस्टोस्टेरॉन बैलावानी.
एलएच, एफएसएच जवळपास शून्य.
लांजेवार मॅडमनं पाठकोऱ्या कागदावर डोकं काढलं,
खाली दोन बाण.
त्यायचं सांगून व्हायच्या आंधीच मले समजलं.

वादळाच्या रात्री कोनीतरी
चेंजओव्हर न टाकता जनरेटर लावते,
बंद लाइनीत उलटा करंट येते.
आमच्या नत्थूभाऊचे दोन बोटं तसेच गेले.
माह्या डोक्यातल्या सबस्टेशननं पाह्यलं,
खाली त उजेड हाये, आपली काय गरज,
अन् ब्रेकर पाडून झोपलं.

मॅडम म्हने, सुया आजपासून बंद.
तीन महिन्यांनी पुन्हा रक्त.
सहा लागतीन, वर्सही लागन.
औषधाचं मंग पाहू.
वचन देत नाई.

घरी प्रणिता तुरीची दाळ पाखडून राह्यली होती.
सगळं सांगतलं, कुकरच्या दुकानासकट.
सूप थांबलं नाई.
बऱ्याच वेळानं म्हने,
सुलीच्या ओटीभरणात बायायनं मले उठवलं,
तवा तुमी त्या टेबलावर होते?

हो म्हनलं.

तिनं माहा हात ओढून घेतला,
कोपराच्या वळीतला डाग पाह्यला, पिवळा पडलेला,
त्यावर अंगठा दाबला, जरासा जोरानंच.
म्हने, पुढच्या खेपेले उजवा द्या.
डाव्याची नस पळते.