आठ उशा

नियमच आहे तसा:
माणसं उतरतील त्या रात्री घरात गरम जेवण हवं,
त्यांच्या ओळखीचं.
म्हणून सिस्टर लिओकॅडियाने आदल्या रात्री राजमा भिजत घातला,
पाम तेल नाबिन्तूने आणून दिलं,
आणि मी पार्मली स्ट्रीटच्या तिसऱ्या मजल्यावर चढवल्या
आठ गाद्या, आठ उशा
आणि माझे दुखरे गुडघे.

आठवी उशी लहान.
कागदावर तिचं नाव न्सिमिरे, वय अकरा महिने.
पण ते वय कागद निघाला तेव्हाचं.
छावणीत मूल वाढतं, कागद वाढत नाही.
आता ती धावत असेल.
सिस्टरने टेनिसचे जुने चेंडू चिरून
टेबलाच्या चारही कोपऱ्यांना बसवले.

दोन चाळीसला फोन आला.
पलीकडचा पोरगा रडवेला, सारखं मॅडम मॅडम म्हणत होता.
तिकिटं रद्द. सगळ्यांचीच.
पुढचा आदेश येईपर्यंत.
"पुढचा" हा शब्द सिस्टरने दोनदा उच्चारून पाहिला,
तळ्यावरच्या बर्फावर
आधी एकच पाय ठेवून बघावा तसा.

शेगडी चालूच होती.

मी चर्चमधला माणूस नाही.
बाप्तिस्मा झाला होता; पुढे बायको गेली, तिच्यामागे रविवार गेले.
बत्तीस वर्षं एरी शहराची बस चालवली,
आता यांची व्हॅन चालवतो,
कारण इथला हिवाळा लांबलचक
आणि सिस्टर गाडीत देवाचं काही बोलत नाही,
वळणावर फक्त हातातली माळ थांबवते.

त्या रविवारी मात्र गेलो. मागे उभा राहिलो.
फादर अँसेल्मने बिशपांचं पत्र वाचलं,
परक्याला घरात घेण्याचं,
सगळ्यांना पाठ असलेलंच,
तरी वाचताना त्यांचा कागद हलत होता.
तिसऱ्या बाकावरचा गेरहार्ट उठला,
आतच टोपी घातली
आणि निघाला.
चर्चचा बॉयलर त्याच्या पैशांतून बसलाय.

पार्किंगमध्ये त्याने आम्हाला गाठलं.
"माझी पोरगी ऑक्टोबरभर मोटारीत झोपली,
तेव्हा कुणी उशी आणली?"
मला काही सुचेना.
सिस्टरनेही वाद घातला नाही.
पोरीचं नाव विचारलं,
पेन हातमोज्यात अडकलं म्हणून हातमोजा काढला
आणि तळहातावर लिहून घेतलं.

सोमवारी पातेलं शालीत गुंडाळून
आम्ही खासदारांच्या कचेरीत गेलो.
रखवालदाराने झाकण उघडायला लावलं.
वाफ त्याच्या चष्म्यावर बसली.
खासदार नव्हते. खासदार नसतातच.
टेबलामागची मुलगी म्हणाली, भेटवस्तू घेता येत नाहीत.
सिस्टर म्हणाली, भेट नाही बाळ,
हे आठ माणसांचं जेवण आहे, ती यायची आहेत,
तोवर इथे ठेवते.
अर्जात एक रकाना होता, विषय.
तिने लिहिलं: राजमा, थंड होतोय.

संध्याकाळी पातेलं परत घ्यायला गेलो
तर अर्धं रिकामं.
कुणी खाल्लं ते कुणी सांगितलं नाही,
आम्हीही विचारलं नाही.

याला आता सात आठवडे झाले.
पत्रं जातात. उत्तरं येतात, छापील, एकसारखी.
नाबिन्तू प्लॅस्टिकच्या कारखान्यातली रात्रपाळी सुटली की
बहिणीला फोन लावते; कधी लागतो.
घराचं भाडं सिस्टर कुठून भरते
ते मला कळू देत नाही.

दर गुरुवारी मी तिसरा मजला चढतो.
गेल्या गुरुवारी एक उशी कमी होती.
मोठ्यांतली.
बेसिनवर केसांचं एक निळं रबर.
मी काही बोललो नाही,
फक्त हीटर दोन अंशांनी वाढवला.

आणि निघताना, नेहमीसारखाच,
नळ बारीक सोडून आलो.
थंडीत पाणी वाहतं ठेवावं लागतं इकडे,
थांबलं
की भिंतीतला पाइप फुटतो.